परदेशी भाषेची बिगिनर बॅच युनिव्हर्सिटीत पार्ट-टाइम शिकवायला घेताय? सुरुवात कशी करायची ते

भाषा बऱ्यापैकी येते, वरच्या लेव्हलची एखादी परीक्षा पास झालेली असते, आणि एक दिवस डिपार्टमेंटमधून फोन येतो की बिगिनरच्या एका बॅचला शिकवायला कुणी नाहीये, घेता का. बरेच जण ह्या कामात असेच शिरतात. आणि मग वाटतं की बिगिनर म्हणजे काय, अक्षरं आणि आकडे तर शिकवायचेत, त्याला कसली तयारी. उलटं आहे. वरच्या लेव्हलला मुलं चुकीचं का होईना पण बोलत असतात, तुम्ही फक्त वळण लावायचं, बिगिनरला मात्र वर्गात त्या भाषेतलं जे काही ऐकू येतं ते सगळं तुम्हीच आणलेलं असतं. शिवाय तुम्ही पार्ट-टाइम, म्हणजे पैसे तासाचे, तयारीचे सहसा नाहीतच. म्हणून खालचं सगळं मी एकाच हिशोबाने लिहितोय: शिकवायचं कमी ठेवा, जेवढं ठेवाल तेवढं वर्गातच मुलांकडून करून घ्या आणि घरी न्यायचं काम होता होईल तो उरू देऊ नका.

१. हो म्हणायच्या आधी

तासिका तत्त्वावर, व्हिजिटिंग, गेस्ट, कॉन्ट्रॅक्ट, नाव काहीही असो, विचारायच्या गोष्टी त्याच. तास किती मिनिटांचा धरतात, ४५ की ६०? पेपर काढणं, तपासणं, तोंडी परीक्षा घेणं, सुपरव्हिजन, हे मानधनातच धरलंय की वेगळं? युनिव्हर्सिटीच्या कुठल्यातरी कार्यक्रमामुळे तास बुडला तर त्याचे पैसे मिळतात का आणि तो भरून काढावा लागतो का? कमीत कमी किती मुलं आली तर बॅच चालू होते, आणि नाही झाली तर तुम्हाला कधी कळवणार? पैसे दर महिन्याला की सेमिस्टर संपल्यावर? हे विचारताना संकोच वाटतो, समोरचे सर किंवा मॅडम ओळखीचे असतात, पण विचारा, कारण नंतर विचारणं जास्त अवघड जातं.

बोलणं फोनवर झालं असेल तर त्याच दिवशी एक साधी ईमेल टाका, "आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे आठवड्याला इतके तास, मानधन इतकं, तोंडी परीक्षा ह्यात धरलेली आहे, बरोबर ना?" एवढीच. उत्तरात नुसतं "हो" आलं तरी चालेल, ऑर्डर निघायला पुष्कळदा वेळ लागतो आणि तोपर्यंत ही ईमेल हाताशी असते.

आणखी एक विचारा, हा कोर्स मुलांना कशासाठी आहे. सक्तीचा, क्रेडिटसाठी निवडलेला, की बाहेरच्यांसाठीचा संध्याकाळचा सर्टिफिकेट कोर्स? संध्याकाळच्या बॅचला नोकरी करून आलेली माणसं असतात, हौसेने येतात पण घरी अभ्यासाला वेळ नसतो. क्रेडिटवाल्यांना वेळ असतो पण त्यांचा डोळा मार्कांवर. तुमचं सगळं प्लॅनिंग ह्यावर फिरतं. क्रेडिटचा अर्थ पण सगळीकडे सारखा नसतो, काही ठिकाणी तो फक्त वर्गातल्या तासांवर मोजतात, युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे मुलाचं मिळून २५ ते ३० तासांचं काम, घरचा अभ्यास धरून. तुमच्याकडे कुठली पद्धत आहे त्यावर किती होमवर्क देणं रास्त हे ठरतं.

बाकी लॉगिन, ईमेल आयडी, झेरॉक्सची सोय, वर्गाची किल्ली कुणाकडे असते, स्पीकर चालतो का, हे सगळं पहिल्या तासाच्या आधी एकदा जाऊन बघून या. ऑफिसमधल्या ज्या माणसाकडे किल्ल्या असतात त्यांच्याशी ओळख करून घ्या, पुढे चार महिने तेच उपयोगी पडतात.

२. किती शिकवून होणार ह्याचा खरा हिशोब

इथे नवीन माणूस हमखास जास्तीचं ठरवतो. आठवड्याला ४ तास आणि १५ आठवडे धरले तर कागदावर ६० तास दिसतात. त्यातून पहिला आठवडा अ‍ॅडमिशनच्या गडबडीत जातो, दोन टेस्ट, सुट्ट्या, तोंडी परीक्षा, शेवटची उजळणी, हे काढलं की हातात ५० च्या आसपास राहतात. आता दुसरीकडून बघा. गोएथे इन्स्टिट्यूट ही जर्मन शिकवणारी संस्था जर्मनच्या ए१ म्हणजे नवशिक्यांच्या परीक्षेसाठी ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात असं सांगते. तुमचे साठ मिनिटांचे ५० तास त्यांच्या मापात ६६-६७ तासिका होतात. म्हणजे खालची मर्यादा सुद्धा गाठली जात नाही, आणि तरी सिलॅबसवर "ए१ पूर्ण" असं कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. एका सेमिस्टरमध्ये ए१ चा पहिला अर्धा भाग नीट झाला तर तो चांगला कोर्स. बऱ्याच प्रकाशकांची पुस्तकं ए१.१ आणि ए१.२ अशी दोन भागात मिळतात ती उगाच नाही.

हे ए१, ए२ वगैरे कुठून आलं तेही माहीत असू द्या. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये भाषांसाठी एक सामाईक चौकट छापली, ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर माणसाला "काय करता येतं" अशी वाक्यं. पुढे २०२० च्या पुरवणी ग्रंथात ए१ च्याही खालची, प्री-ए१ नावाची पायरी आली. तुम्हाला ह्यातून एवढंच घ्यायचंय की कोर्सचं उद्दिष्ट व्याकरणाच्या नावांनी लिहू नका. "वर्तमानकाळ, लिंग, अनेकवचन" असं लिहिलं की तुम्ही फळ्यावर तक्ते काढत बसता. "स्वतःची आणि घरच्यांची ओळख करून देता येते, वेळ विचारता आणि सांगता येते, दुकानात वस्तू मागून किंमत विचारता येते, छोटा निरोप लिहिता येतो" अशी आठ-दहा वाक्यं लिहा आणि व्याकरण त्यांच्या मागून येऊ दे.

भाषा कुठली ह्यानेही फरक पडतो. अमेरिकेची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या डिप्लोमॅट लोकांना कामापुरती भाषा यायला स्पॅनिशसाठी ३० आठवडे धरते आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीसाठी ८८, ते सुद्धा पूर्ण वेळ शिकून. हे आकडे तुमच्या मुलांना तसेच लागू होणार नाहीत, जपानीचा वाक्यक्रम मराठी माणसाला बराच ओळखीचा वाटतो, क्रियापद शेवटी आणि नामाला मागून प्रत्यय, त्यामुळे तिथे आपला वेळ वाचतो. पण लिपीत तो जातोच. तर डिपार्टमेंटने सगळ्या भाषांना एकाच साच्यातला सिलॅबस दिला असेल तर लगेच सांगा, पुस्तकाचे किती धडे शक्य आहेत ते लिहून द्या. सेमिस्टरच्या मध्यात सांगितलं की ती सबब वाटते.

३. पुस्तक

डिपार्टमेंट जे पुस्तक वापरतंय तेच वापरा. पहिल्याच सेमिस्टरला स्वतःचं मटेरियल बनवायचा उत्साह सगळ्यांना असतो आणि त्यातच रात्री जातात. बरी पुस्तकं निघतात त्यांच्याबरोबर शिक्षकांची गाइड, ऑडिओ, टेस्ट असतात, प्रकाशकाच्या साइटवर बरंच काही फुकट असतं, ते आधी उतरवून घ्या. पण पुस्तकातला प्रत्येक एक्सरसाइज करायची शपथ घेतलेली नाही. प्रत्येक धड्यात ज्याच्यामुळे मुलं तोंड उघडतील असे दोन-तीन निवडा, रिकाम्या जागा भरा प्रकारचे घरी द्या, उरलेले सोडा. अख्ख्या पुस्तकाचं स्कॅन ग्रुपवर टाकू नका, कॉपीराइटचा प्रश्न आहे आणि नाव तुमचं लागतं.

दुसरी कुणी व्यक्ती समांतर बॅच घेत असेल तर तिला आधीच भेटा. फायनल पेपर एकच असेल तर कुठल्या धड्यापर्यंत जायचं हे दोघांनी मिळून ठरवलेलं बरं, नाहीतर तिकडे झालेलं आणि इकडे न झालेलं पेपरात येतं आणि पोरं तुमच्या नावाने ओरडतात.

४. पहिला तास

ह्यावर जरा थांबून लिहितो, कारण सेमिस्टरभर वर्ग कसा वागणार हे बरंचसं इथे ठरतं. सिलॅबस वाचून दाखवणं, मार्कांची विभागणी, "ही भाषा किती कोटी लोक बोलतात" ह्याची स्लाइड, हे सगळं शेवटच्या पंधरा मिनिटांत ढकला. सुरुवात भाषेने करा.

समजा स्पॅनिश आहे. आत या, छातीवर हात ठेवून "मे यामो" (माझं नाव) म्हणून पुढे स्वतःचं नाव सांगा. परत सांगा. मग पुढच्या बाकावरच्या मुलीकडे हात करून "इ तू?" (आणि तुझं?) विचारा. ती आधी गोंधळेल, शेजारणीकडे बघून हसेल आणि नुसतं नाव सांगेल. तुम्ही "मे यामो..." एवढं म्हणून थांबा. थांबा म्हणजे खरंच थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात. परक्या भाषेत तर ते तीन सेकंद लागतातच, आणि वर्गासमोर उभं राहून ते फार मोठे वाटतात, मनात आकडे मोजा पाहिजे तर. ती "मे यामो" म्हणून नाव सांगेल, तुम्ही मान डोलवा, मग तिनेच शेजारणीला "इ तू?" विचारायचं, अशी साखळी मागच्या बाकापर्यंत जाऊ दे.

ह्या वेळात फळ्यावर काहीही लिहू नका. ते शब्द लिहिले की त्यात "यामो"च्या सुरुवातीला दोन एल दिसतात आणि अर्धा वर्ग "लामो" म्हणायला लागतो, मग ते पुसायला पुढचा आठवडा जातो. कान आधी, डोळे नंतर. साखळी पूर्ण झाली, मग सगळ्यांना उठवा, वर्गात फिरून पाच-सहा जणांना भेटायला लावा, आणि हे सगळं झाल्यावर तीन ओळी फळ्यावर लिहा. तेव्हा मुलं लिहिलेलं त्यांनी ऐकलेल्याशी जुळवतात. फ्रेंचला तर हे फारच गरजेचं, तिथे शब्दाच्या शेवटची कितीतरी अक्षरं उच्चारायचीच नसतात.

त्यानंतर वर्गात लागणारी आठ-दहा वाक्यं द्या: समजलं नाही, परत सांगा, हळू बोला, ह्याला काय म्हणतात, कुठल्या पानावर. ही एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दर तासाला फळ्याच्या कडेला चिकटवा, आणि मुलांनी आपल्या भाषेत विचारलं की काही न बोलता फक्त कागदाकडे बोट दाखवा. पहिल्याच तासाला मुलं घरी जाताना काहीतरी बोलून गेली पाहिजेत, बाकी सगळं नंतर.

५. नेहमीचा तास

हजेरी फुकट घालवू नका. "यस सर, यस मॅडम"च्या ऐवजी त्या आठवड्यातलं काहीतरी उत्तर मागा, आजचा वार, आवडता रंग, स्वतःच्या फोन नंबरचे शेवटचे तीन आकडे, सकाळी किती वाजता उठलात. चाळीस मुलं असतील तर चाळीसदा तेच वाक्य कानावर पडतं आणि मस्टरही भरतं.

मग पाच-सात मिनिटं आधीचं. नुसतं मागच्या तासाचंच नाही, दोन आठवड्यांपूर्वीचं सुद्धा. एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, आणि उजळणी एका बैठकीत करण्यापेक्षा अंतर ठेवून केली की जास्त टिकते. आजची फ्लॅशकार्डवाली अ‍ॅप्स ह्याच तत्त्वावर चालतात. तुमच्या वर्गात त्याचा अर्थ इतकाच की तिसऱ्या आठवड्यातले आकडे सहाव्या आणि दहाव्या आठवड्यात परत आले पाहिजेत, भलेही किंमत विचारण्याच्या निमित्ताने.

नवीन गोष्ट एका तासाला एकच, फार तर दीड. व्याकरण समजावताना वर्गाची जी सामाईक भाषा असेल ती बिनधास्त वापरा, पाच मिनिटांत होणारं काम परक्या भाषेत हातवारे करून पंचवीस मिनिटं करण्यात काही शौर्य नाही. ह्याउलट सूचना, चौकशी, शाबासकी, बसा-उठा-पुस्तक उघडा हे सगळं जी भाषा शिकवताय तिच्यातच, कारण ते रोज लागतं आणि संदर्भावरून कळतं. जेम्स अ‍ॅशरची एक पद्धत आहे, १९६० च्या दशकातली, शिक्षकाने आज्ञा द्यायची आणि मुलांनी बोलायच्या आधी ती करून दाखवायची. कॉलेजची मुलं पहिल्यांदा लाजतात, नंतर त्यांनाच मजा येते. शरीराचे अवयव, दिशा, वर्गातल्या वस्तू ह्याने पटकन होतात. अमूर्त गोष्टींना ती उपयोगाची नाही, तिथे ताणू नका.

अर्धा तास तरी जोडीत काम. मोठ्या वर्गात दुसरा मार्गच नाही, साठ मुलांशी तुम्ही एकेकदा बोललात तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. पण नुसतं "आपापसात बोला" म्हणालात की मुलं शनिवारच्या प्लॅनबद्दल बोलतात, आणि तेही आपल्याच भाषेत. काम असं द्या की बोलल्याशिवाय सुटूच नये. उदाहरण सांगतो. गाड्यांचं एक वेळापत्रक करा, सहा गाड्या, सुटायची वेळ, पोचायची वेळ, प्लॅटफॉर्म. त्याच्या दोन प्रती, ए मध्ये अर्ध्या जागा कोऱ्या, बी मध्ये बाकीच्या अर्ध्या. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, दोघांनी तक्ता पूर्ण करायचा. पहिल्या मिनिटालाच चलाख पोरं कागद शेजारी ठेवून उतरवून काढतात, म्हणून खुर्च्या पाठीला पाठ लावून बसवा. पाठीला पाठ लागली की आवाज चढवावा लागतो, उच्चार स्पष्ट करावा लागतो आणि "परत सांगा" हे वाक्य आपोआप वापरलं जातं. हा एक कागद तुम्हाला वेळेसाठी, किमतीसाठी, फोन नंबरसाठी, आठवड्याच्या टाइमटेबलसाठी, सगळ्याला चालतो, आतला मजकूर बदलायचा फक्त.

तेवढ्या वेळात तुम्ही फिरा आणि ऐका. हातात एक चिठ्ठी ठेवा, चुका टिपा, मध्ये पडू नका.

६. चुका सुधारणं

चूक झाली की आपण काय करतो, बरोबर वाक्य आपल्या तोंडाने म्हणतो आणि पुढे जातो. लिस्टर आणि रांटा ह्या दोन संशोधकांनी कॅनडातल्या फ्रेंच इमर्शन वर्गांवर (जिथे बाकीचे विषयही फ्रेंचमधूनच शिकवतात) १९९७ मध्ये पेपर लिहिला, त्यात दिसलं की शिक्षक सगळ्यात जास्त वेळा हीच पद्धत वापरतात आणि मुलं स्वतःची चूक दुरुस्त करण्याचं प्रमाण हिच्यातच सगळ्यात कमी. का, ते वर्गात दिसतं. मुलगा म्हणतो "मे यामो एस राहुल", इंग्रजीतला 'इज' त्याच्या डोक्यात बसलाय म्हणून तो "एस" घालतो, ही स्पॅनिशच्या बिगिनरची ठरलेली चूक. तुम्ही हसून म्हणता "मे यामो राहुल, मुय बिएन", आणि तो म्हणतो "सी!" त्याला वाटलं तुम्ही शाबासकी दिलीत, आणि दिलीतच की. त्याऐवजी "मे यामो...?" इथपर्यंत म्हणून भुवया उंचावून थांबा, वाक्य त्याला पूर्ण करू द्या. किंवा बोटांवर शब्द मोजा, एकेका बोटाला एक शब्द, आणि "एस"चं बोट दुमडा. न बोलता कळतं आणि वर्ग हसतो पण त्याच्यावर नाही.

सगळ्या चुका मात्र धरू नका. त्या आठवड्यात जे शिकवताय तेवढंच धरा, आणि ज्याने अर्थच बदलतो ते. जर्मनमध्ये डेर-डी-डास, म्हणजे नामाच्या आधी येणारी, लिंग दाखवणारी आर्टिकलं, चुकणार, वर्षानुवर्षं चुकणार. मराठीत पण तीन लिंगं आहेत म्हणून आपल्याला कल्पना पटकन कळते, पण कुठल्या वस्तूचं लिंग काय हे जुळत नाही, त्यामुळे नाम आणि आर्टिकल जोडीने पाठ करायची सवय पहिल्या दिवसापासून लावायची आणि बोलताना चुकलं तर सोडून द्यायचं.

७. लिपी वेगळी असेल तर

रशियनची ३३ अक्षरं, अरबीची २८ (आणि शब्दात जागा बदलली की आकार बदलतो), जपानीच्या दोन लिप्यांपैकी हिरागानाची मूळ ४६ आणि काताकानाची तेवढीच. पहिले दोन आठवडे फक्त लिपी आणि बोलणं नाही, असं करू नका, मुलं गळतात. बोलणं पहिल्या दिवसापासून, आणि लिपी रोज थोडी, दहा-पंधरा मिनिटं, लगेच वाचता येतील अशा शब्दांमधून. मुलं शब्दावर देवनागरीत उच्चार लिहितात, वहीत लिहू द्या, भांडण नको, पण फळ्यावर आणि टेस्टमध्ये तुम्ही लिहू नका, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून वहीतलंही झाकायला सांगा. चिनी असेल तर चार सूर आणि एक सुराविना (सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो), ह्यावर सुरुवातीला वेळ घालवलात तर तो वाया जात नाही.

८. बिगिनर नसलेले बिगिनर

प्रत्येक बॅचला दोन-चार जण असतातच ज्यांनी शाळेत ती भाषा तीन वर्षं घेतलेली असते किंवा घरात कुणीतरी बोलतं, आणि सोपे मार्क मिळतील म्हणून ते इथे येऊन बसतात. ते उत्तरं फेकतात आणि खऱ्या नवशिक्यांना वाटतं की आपणच मठ्ठ. पहिल्याच आठवड्यात एका पानाचा फॉर्म भरून घ्या, आधी शिकलाय का, कुठे, किती, आणि शेवटी त्या भाषेत दोन साधे प्रश्न. उत्तर वाचून कळतं. नियमात बसत असेल तर वरच्या कोर्सला पाठवा, आणि ते सेमिस्टर सुरू होतानाच करा, नंतर ऑफिस ऐकत नाही. नाहीच जमलं तर जोडीच्या कामात त्यांना फिरवत ठेवा, एकमेकांत जोडी लावू नका आणि सतत सगळ्यात कच्च्या मुलाच्या गळ्यातही मारू नका. त्यांना शिक्षकाचा बिनपगारी असिस्टंट करणं हे आपल्याला सोयीचं असतं, त्यांच्यावर अन्याय असतो.

९. होमवर्क

घरी लिहून आणायला निबंध दिलात की ट्रान्सलेटर किंवा एआयने लिहिलेला येतो, ए१ च्या मुलाच्या वहीत अचानक संकेतार्थी क्रियापदं दिसायला लागतात. त्यावर पोलिसगिरी करण्यात तुमचा वेळ जातो ज्याचे पैसे मिळत नाहीत. सोपा उपाय, लिहिणं वर्गात, हाताने, दहा ओळी, पंधरा मिनिटं. घरी ऐकायचं आणि शब्द पाठ करायचं द्या, आणि ते झालंय का हे पुढच्या तासाच्या पाच मिनिटांच्या टेस्टने बघा, शेजाऱ्याच्या हातात कागद देऊन तिथल्या तिथे तपासून घ्या. मार्क तुम्ही नोंदवायचे फक्त.

१०. परीक्षा

वर्षभर बोलायला शिकवलंत आणि पेपर रिकाम्या जागांचा काढलात तर मुलं पुढच्या बॅचला सांगतात की बोलायची गरज नाही, व्याकरण करा. फ्रेंचची डेल्फ ए१ बघा, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ मार्क, एकूण १००, पास व्हायला ५० आणि प्रत्येक भागात कमीत कमी ५. जपानीच्या जेएलपीटी ह्या परीक्षेत मात्र बोलणं आणि लिहिणं तपासतच नाहीत, तेव्हा मुलं तिच्या एन५ ह्या सगळ्यात खालच्या लेव्हलच्या तयारीसाठी आली असतील तर बोलण्याचे मार्क कोर्समध्ये तुम्हालाच ठेवावे लागतील.

तोंडी परीक्षेला नवीन लोक घाबरतात, वेळ किती जाईल म्हणून. एकेकाची घेतलीत तर जाणारच. जर्मनची गोएथे ए१ ची तोंडी गटात होते, चार जणांपर्यंत एकत्र, साधारण पंधरा मिनिटं. आधी प्रत्येकाने स्वतःची ओळख, त्यात नावाचं स्पेलिंग आणि एखादा नंबर सांगायचा, मग शब्द लिहिलेलं कार्ड उचलून शेजाऱ्याला प्रश्न, मग चित्राचं कार्ड उचलून विनंती. ४० मुलांचे १० गट धरले तर १५० मिनिटं, अडीच तासांत आटोपतं, बाकीच्यांना तेवढ्यात बाहेर वाचनाचा पेपर. मार्क देताना चारच रकाने ठेवा: काम झालं का, समजलं का, शब्द पुरले का, उच्चार. प्रत्येकी शून्य ते पाच, गट उठून जायच्या आतच लिहून टाका, नंतर चेहरे आठवत नाहीत. परीक्षेत काय येणार, ही कार्डं कशी दिसतात, हे मुलांना दोन आठवडे आधी दाखवा, ह्यात पेपर फुटत नाही.

११. स्वतःचा वेळ

तयारीला एक मर्यादा घाला, तासामागे एक तास, आणि ती संपली की जे तयार आहे ते घेऊन जा. पहिल्या सेमिस्टरला ती पाळली जाणार नाही हे मला माहीत आहे, तरी घाला. भेटायची वेळ तासाला लागूनच ठेवा, नंतरची वीस मिनिटं, त्याच वर्गात. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचा नंबर सगळ्यांना देऊ नका, सीआरला द्या आणि निरोप त्याच्यामार्फत, नाहीतर रात्री अकराला "मॅम उद्या टेस्ट आहे का" सुरू होतं. बाकी सगळं युनिव्हर्सिटीच्या ईमेलवर, आठवड्यातले दोन दिवस उत्तरं देणार असं आधीच सांगून.

प्रत्येक तास संपल्यावर खुर्चीवरून उठायच्या आधी त्या तासाच्या प्लॅनवरच दोन ओळी लिहा, काय चाललं, काय लांबलं, कुठल्या कार्डात टायपिंगची चूक आहे. घरी जाऊन लिहीन म्हटलं की राहतं. दुसऱ्या वेळी तीच बॅच घेताना तयारी निम्म्याच्या खाली येते ती ह्या ओळींमुळे. फायली धड्याच्या नंबराने ठेवा, तारखेने नको, तारखा दर वर्षी बदलतात. आणि सगळं स्वतःच्या ड्राइव्हवर, कारण कॉन्ट्रॅक्ट संपलं की युनिव्हर्सिटीचं लॉगिन न सांगता बंद होऊ शकतं. मुलांचे मार्क आणि हजेरी मात्र स्वतःकडे पसरून ठेवायची चीज नाही, ती डिपार्टमेंटला सही घेऊन जमा करा, आणि त्याच फेरीत मानधनाचं बिल द्या, पुढच्या सेमिस्टरला ही बॅच चालणार आहे का आणि कुठल्या वेळेला, ते विचारूनच बाहेर पडा.